पॉइनसेटिया आणि जोएल पॉइनसेट : लाल पानांच्या झाडामागचा माणूस

नोव्हेंबर संपत आला की पुणे, नाशिक, मुंबईकडच्या रोपवाटिकांत लाल पानांच्या कुंड्या रांगेने मांडलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. नाताळापर्यंत हा माल खपतो. जानेवारीत उरलेल्या कुंड्या कोपऱ्यात ढकलल्या जातात. या झाडाला आपण पॉइनसेटिया म्हणतो. ते नाव एका माणसाच्या आडनावावरून आले आहे आणि तो माणूस ना शेतकरी होता, ना वनस्पतिशास्त्रज्ञ. जोएल रॉबर्ट्स पॉइनसेट हे अमेरिकेचे राजदूत आणि पुढे युद्धमंत्री होते. त्यांचे आयुष्य सांगताना झाडाची माहिती ओघाने येईलच. झाडाचा मूळ मुलूख आणि स्वभाव कळला की ते कुठे लावायचे, शेजारी काय लावायचे आणि काय मुळीच लावायचे नाही, हे ठरवणे सोपे जाते.

झाड तुम्हाला वाटते तितके परके नाही. बांधावरचे शेराचे कुंपण, माळावरचा त्रिधारी निवडुंग, सोयाबीनमध्ये डोके वर काढणारे दुधी तण ही सगळी त्याची भावंडे. पान तोडले की पांढरा चीक वाहतो, ती या घराण्याची खूण. या घराण्याचे युफोर्बिया हे नावही एका माणसाचेच आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी उत्तर आफ्रिकेतील मॉरेटानियाचा राजा दुसरा जुबा याने आपल्या युफोर्बस नावाच्या ग्रीक वैद्यावरून एका चिकाळ काटेरी झाडाला ते दिले.

वैद्याचा मुलगा, फिरस्ता तरुण

पॉइनसेट यांचा जन्म २ मार्च १७७९ रोजी अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यातील चार्ल्सटन या बंदराच्या गावी झाला. वडील डॉक्टर होते, घरात पैसा होता. मुलानेही डॉक्टर व्हावे म्हणून त्याला स्कॉटलंडमधील एडिनबरोला शिकायला पाठवले. हे गाव लक्षात ठेवा, पुढे झाडाच्या गोष्टीत ते पुन्हा येते. प्रकृती साथ देईना, छातीचे दुखणे मागे लागले आणि वैद्यकीचे शिक्षण अर्धवट राहिले. सैन्यात जायची इच्छा होती, तिला वडिलांचा विरोध होता. कायद्याचा अभ्यासही फार दिवस टिकला नाही. शेवटी हा तरुण युरोप पाहायला निघाला.

वडील १८०३ मध्ये गेले आणि मोठी मालमत्ता हाती आली. पॉइनसेट पुढे रशियात गेले, झार पहिला अलेक्झांडर याला भेटले, व्होल्गाच्या काठाने कॅस्पियन समुद्र आणि बाकूपर्यंत प्रवास केला. अनेक भाषा येत, माणसांत मिसळायची हातोटी होती. अशा माणसाकडे सरकारचे लक्ष न जाते तरच नवल. १८१० मध्ये राष्ट्राध्यक्ष मॅडिसन यांनी त्यांना दक्षिण अमेरिकेत पाठवले. तिथे स्पेनच्या सत्तेविरुद्ध बंड पेटले होते. चिलीमध्ये पॉइनसेट नुसते निरीक्षक राहिले नाहीत, बंडखोर नेता होजे मिगेल कारेरा याच्या बाजूने ते थेट लढाईच्या कामात उतरले. परक्या देशाच्या भांडणात हात घालायची ही सवय त्यांना पुढे महागात पडली.

घरी परतल्यावर राज्याच्या विधिमंडळात असताना त्यांनी रस्ते आणि कालव्यांचे काम पाहिले. डोंगराळ भागातून बाजारपेठेकडे जाणारा रस्ता त्यांच्या देखरेखीखाली झाला आणि त्यावरचा १८२० चा दगडी पूल आजही त्यांच्या नावाने उभा आहे. माल बाजारात पोहोचला नाही तर पिकवून उपयोग नाही, हे या माणसाला चांगले कळत होते. १८२१ ते १८२५ ते अमेरिकेच्या संसदेत होते. मधल्या काळात, १८२२ मध्ये, मेक्सिकोचा दौरा करून आले आणि त्यावर पुस्तक लिहिले.

मेक्सिको आणि लाल पाने

मेक्सिको नुकताच स्वतंत्र झाला होता. १८२५ मध्ये पॉइनसेट तिथे अमेरिकेचे पहिले राजदूत म्हणून गेले. ब्रिटनचा तिथे मोठा वरचष्मा होता आणि तो कमी करणे हा त्यांच्या कामाचा एक भाग होता. त्यांनी एका राजकीय गटाला उघड मदत केली, फ्रीमेसन मंडळींच्या सभागृहांतून तो गट बांधायला हातभार लावला. वर टेक्सासचा प्रदेश विकत घेण्याचा अमेरिकेचा प्रस्तावही त्यांच्याच हातून गेला. नव्या देशाला हे कसे रुचणार? मेक्सिकोत त्यांच्या आडनावावरून ढवळाढवळ आणि आढ्यता यांसाठी एक शब्दच तयार झाला. लोकांचा राग इतका वाढला की मेक्सिको सरकारने त्यांना परत बोलावण्याची मागणी केली. १८२९ च्या अखेरीस तसा आदेश निघाला आणि १८३० च्या सुरुवातीला ते देश सोडून गेले. राजदूत म्हणून ते अपयशी ठरले, असे माझे मत आहे.

पण याच वर्षांत त्यांनी झाडे पाहिली, बियाणे आणि रोपे जमवली, अमेरिकेतील ओळखीच्या बागांकडे पाठवली. सांगितले जाते ते असे की १८२८ च्या नाताळात तास्को या चांदीच्या खाणींच्या गावाजवळ त्यांनी हे लाल झाड पाहिले आणि त्याची रोपे दक्षिण कॅरोलायनाला धाडली. तास्को भागातील फ्रान्सिस्कन पाद्री तोवर शंभराहून अधिक वर्षे हे झाड नाताळाच्या सजावटीला वापरत होते. मेक्सिकोत त्याला नोचेबुएना म्हणतात, म्हणजे नाताळची आदली रात्र. त्याहून जुने नाव नाहुआत्ल भाषेतले, क्वेत्लाशोचित्ल. अझ्टेक लोक लाल पानांपासून रंग काढत आणि चीक तापावर वापरत. तेव्हा पॉइनसेट यांनी हे झाड शोधले असे कुणी म्हणाले तर तुम्ही मान डोलावू नका. जे शेकडो वर्षे लोकांच्या अंगणात होते ते त्यांनी बाहेर नेले, एवढेच.

कागदोपत्री पुरावा १८२९ चा आहे. त्या वर्षी जूनमध्ये फिलाडेल्फियाच्या पहिल्या मोठ्या पुष्पप्रदर्शनात लाल पानांचे एक नवे युफोर्बिया मांडले होते आणि ते पॉइनसेट यांनी बार्ट्राम बागेला दिल्याची नोंद झाली. तिथून रॉबर्ट बुइस्ट या रोपवाटिकाधारकाच्या ते नजरेत भरले. १८३४ मध्ये हे रोप एडिनबरोच्या वनस्पती उद्यानात पोहोचले. तिथल्या रॉबर्ट ग्रॅहॅम यांनी १८३६ मध्ये त्याला स्वतंत्र प्रजाती मानून पॉइनसेटिया पुल्चेरिमा असे नाव दिले. पुल्चेरिमा म्हणजे सर्वात सुंदर. मात्र त्याआधीच १८३४ मध्ये जर्मनीत क्लोट्श यांनी युफोर्बिया पुल्चेरिमा हे नाव प्रसिद्ध केले होते आणि नावाच्या नियमाप्रमाणे तेच शास्त्रीय नाव म्हणून टिकले. ग्रॅहॅम यांचे नाव शास्त्रातून गेले, पण बाजारात राहिले. मेक्सिकोत ज्यांच्यावर लोक चिडले होते, त्यांचेच आडनाव मेक्सिकोच्या झाडाला जगभर चिकटले. आज अमेरिकेतही काही बागप्रेमी जुन्या नावाकडे परतावे असे म्हणतात. कारण पुढे आहे.

सत्तेतली वर्षे

१८३३ मध्ये पॉइनसेट यांनी मेरी इझार्ड प्रिंगल या विधवा बाईंशी लग्न केले. त्यांच्या पी डी नदीकाठच्या जमिनीवर भाताचा मोठा मळा होता. भरतीच्या पाण्याने खाचरे भरायची आणि ओहोटीला रिकामी करायची, असे तिथले भाताचे तंत्र. बांध, दारे, पाण्याची पातळी सांभाळणे हे काम आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या कष्टावर आणि कसबावर चाले. पॉइनसेट यांच्या मळ्यावरही हेच होते. ते राजदूत असतानाच, १८२९ मध्ये, मेक्सिकोने गुलामगिरी बंद केली होती. त्यांनी ते जवळून पाहिले, तरी स्वतःच्या घरी काही बदलले नाही.

१८३७ ते १८४१ ते राष्ट्राध्यक्ष व्हॅन ब्युरेन यांचे युद्धमंत्री होते. याच काळात चेरोकी आणि इतर मूळ रहिवाशांना त्यांच्या जमिनींवरून सैन्याच्या बळावर हुसकून पश्चिमेकडे नेण्यात आले. चेरोकींपैकी सुमारे ४,००० माणसे या हकालपट्टीत मेली असा अंदाज सांगितला जातो. हे लोक मका, घेवडा, भोपळा एकत्र लावणारे पक्के शेतकरी होते. ज्या खात्याने हे केले त्या खात्याचे प्रमुख पॉइनसेट होते. झाडाच्या माहितीपत्रकात हे छापलेले नसते, पण नाव बदलावे म्हणणारे लोक याच गोष्टीकडे बोट दाखवतात आणि ते बोट चुकीचे नाही.

त्याच मंत्रिपदाच्या काळात एक चांगले कामही झाले. १८३८ मध्ये निघालेल्या अमेरिकेच्या समुद्रसफरीच्या तयारीला त्यांनी जोर दिला. चार वर्षांनी जहाजे परतली तेव्हा हजारो वाळवलेले नमुने आणि जिवंत रोपे आली. ती ठेवायला वॉशिंग्टनमध्ये काचघर उभारावे लागले आणि पुढे त्यातूनच राष्ट्रीय वनस्पती उद्यान वाढले. १८४० मध्ये शास्त्राच्या प्रसारासाठी एक राष्ट्रीय संस्था काढण्यातही ते पुढे होते.

नंतर ते राजकारणातून बाजूला झाले. १८४६ मध्ये अमेरिकेने मेक्सिकोशी युद्ध सुरू केले, तेव्हा त्यांनी त्याला विरोध केला. १२ डिसेंबर १८५१ रोजी दक्षिण कॅरोलायनातील स्टेटबर्ग येथे क्षयाने त्यांचे निधन झाले. अमेरिकेत १२ डिसेंबर हा पॉइनसेटिया दिवस म्हणून पाळतात. त्यांच्या हयातीत हे झाड काचघरातली एक नवलाई एवढेच होते. त्याचा धंदा उभा राहिला विसाव्या शतकात. जर्मनीहून आलेल्या आल्बर्ट एके यांच्या कुटुंबाने कॅलिफोर्नियात आधी शेतात वाढवून कापलेल्या फांद्या विकल्या, मग कुंडीतील रोपे देशभर पाठवली.

एक रोग, जो उत्पादकांना हवा असतो

एके कुटुंबाची रोपे भरगच्च फांद्यांची असत, इतरांची उंच आणि विरळ. यामागचे कारण १९९७ मध्ये उघड झाले. भरगच्च झाडांत फायटोप्लाझ्मा हा सूक्ष्मजीव असतो आणि कलम बांधले की तो एका झाडातून दुसऱ्यात जातो. वांग्यातला पर्णगुच्छ आणि उसातली गवताळ वाढ तुम्हाला माहीत आहे. तिथे याच जातीचे सूक्ष्मजीव आपले पीक खातात. पॉइनसेटियात मात्र शेंडा दबून बगलेच्या फांद्या फुटणे हेच विक्रीचे कारण झाले. म्हणून चांगल्या व्यापारी वाणाची रोपे बियाण्यापासून करून तसा झुपकेदारपणा मिळत नाही, फाटे कलमेच घ्यावी लागतात.

आता तुमच्या बागेकडे येऊ. हे झाड मूळचे मेक्सिकोच्या पश्चिम उतारावरील पानझडी जंगलातले. पावसाळा ठरलेला, नंतर कोरडा हंगाम, उताराची निचऱ्याची जमीन. आपल्या सह्याद्रीच्या पूर्व उतारावर ते जमिनीत दोन-तीन मीटर वाढते, यात आश्चर्य नाही. चिबड काळ्या रानात मात्र मूळकूज येते. तिथे वरंब्यावर किंवा वाफा उंच करून लावा. लाल दिसतात ती फुले नव्हेत, पाने आहेत. खरी फुले मधोमध बारीक, पिवळसर असतात.

पाने लाल होण्यासाठी लांब रात्र लागते. आपल्याकडे सप्टेंबरच्या शेवटी रात्र दिवसापेक्षा मोठी होऊ लागते, तेव्हा कळी धरायला सुरुवात होते आणि डिसेंबरात रंग भरतो. रंग लवकर हवा असेल तर कुंड्यांवर काळे कापड टाकून रोज सुमारे १४ तास सलग अंधार, ८ ते १० आठवडे द्यावा लागतो. शेवंती करणाऱ्यांना हे नवीन नाही. अंधार मध्येच तुटला तर रंग रखडतो. म्हणून फाटकावरच्या दिव्याखाली किंवा रस्त्याच्या खांबाजवळ हे झाड लावू नका. झाड हिरवेगार पण लाल होत नाही, अशी तक्रार आली की विस्तार कार्यकर्त्यांनी खत विचारण्याआधी रात्री तिथे दिवा जळतो का ते पाहावे.

शेजारी झाडे निवडताना आधी पाण्याची गरज जुळवा, रंगाचे नंतर. पॉइनसेटियाला दिवसातून पाच-सहा तास ऊन, नियमित पण बेताचे पाणी हवे. मागे कामिनीची गडद हिरवी भिंत, पुढे पांढरी शेवंती किंवा पिवळा झेंडू ही माझ्या पसंतीची मांडणी. शेवंतीही लांब रात्रीचीच असल्याने दोन्हींचा हंगाम जुळतो. शेर, निवडुंग, कोरफड आणि काटेरी युफोर्बिया एकाच घराण्यातली किंवा दिसायला शोभतील म्हणून त्याच वाफ्यात लावू नका. त्यांना पुरेल एवढे पाणी दिले तर पॉइनसेटिया पाने टाकेल, पॉइनसेटियाला पुरेल एवढे दिले तर ती सडतील. त्यांचा वेगळा, मुरमाड कोपरा करा. काटेरी युफोर्बिया आणि अडेनियम तिथे एकमेकांना छान सांभाळतात.

भाजीपाल्याशी शेजार मात्र टाळाच. पांढरी माशी या झाडावर जोमाने वाढते. १९८६ च्या सुमारास अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातील पॉइनसेटियाच्या काचघरांत पांढऱ्या माशीच्या बी प्रकाराचा मोठा उद्रेक झाला. शोभेच्या रोपांच्या व्यापारातून हा प्रकार पसरत गेला आणि काही वर्षांत तिकडच्या टोमॅटो, भोपळावर्गीय पिके व कापसाचे फार नुकसान झाले. भारतात तो १९९९ मध्ये कर्नाटकातील कोलार भागात टोमॅटोवर नोंदवला गेला. मिरचीचा चुरडामुरडा, भेंडीचा केवडा, टोमॅटोची पाने वळणे हे विषाणू पांढरी माशीच वाहते. तुमच्या घरासमोर टोमॅटोचा प्लॉट असेल आणि ओसरीवर पॉइनसेटियाच्या कुंड्या असतील, तर तुम्ही माशीला वर्षभराचे घर दिले आहे. कुंडी विकत घेताना पान उलटून पाहा. मागे खवल्यासारखी पिल्ले दिसली तर ती कुंडी तिथेच ठेवा. रोपवाटिका असेल तर पिवळे चिकट सापळे लावा आणि नवीन माल आठ-दहा दिवस वेगळा ठेवा.

पॉइनसेट यांच्या काळात झाडाची फांदी जहाजात टाकून नेली तर कुणी विचारत नसे. आज परदेशातून येताना बॅगेतून कलम आणणे हा वनस्पती विलगीकरणाच्या २००३ च्या आदेशाचा भंग आहे. उलट दिशेने, आपल्या भागातली वनस्पती कुणी व्यापारासाठी नेत असेल तर २००२ च्या जैविक विविधता कायद्याप्रमाणे गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला त्यात म्हणणे आहे. विस्तार कार्यकर्त्यांनी ही समिती कागदावरच आहे की बैठका होतात ते एकदा तपासावे. मेक्सिकोच्या वाट्याला असे काही आले नाही. त्यांच्या झाडाचे बहुतेक व्यापारी वाण बाहेर तयार झाले आणि तिथले उत्पादक आज आपल्याच झाडाच्या वाणांसाठी परवाना शुल्क भरतात.

जुनी कुंडी फेकू नका. लाल पाने गळली की फेब्रुवारी-मार्चमध्ये झाड जमिनीपासून वीतभर ठेवून छाटा. छाटलेल्या पक्व फांद्यांचे १० ते १५ सेंटिमीटरचे तुकडे करा, चीक थांबेपर्यंत सावलीत ठेवा आणि वाळू मिसळलेल्या मातीत लावा. हातमोजे घाला, चीक डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने धुऊन डॉक्टरांना दाखवा. हे झाड जीवघेणे विषारी आहे ही समजूत खरी नाही, पण चिकाने त्वचेची आग होते आणि जनावरांनी खाल्ले तर तोंड व पोट बिघडते. पावसाळ्यात शेंडे एक-दोनदा खुडा. शेवटची खुडणी ऑगस्ट संपण्याआधी करा, त्यानंतर खुडलेल्या फांद्यांवर डिसेंबरात रंग येत नाही.